पन्नास किलोमीटरनंतरचा पाना

दसरा झाला की कोल्हापूर-सांगलीकडच्या गॅरेजांत पाय ठेवायला जागा राहत नाही. गाळप हंगाम तोंडावर आलेला असतो. पावसाळाभर बांधावर, नाहीतर देवळामागच्या मोकळ्या जागेत उभे असलेले ट्रक, ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या एकदम बाहेर निघतात. कारखान्याशी करार झालेला असतो, तोडणीच्या टोळीला उचल दिलेली असते, आणि गाडी एक दिवस उभी राहिली तरी टोळी फडात हात बांधून बसते. त्यामुळे मिस्त्रीला सांगायची यादी लांबलचक असते. लायनर, किंगपिन, पाटे, टायर, ट्रॉलीचं हूक, मागचे दिवे. सगळ्यात शेवटी, निघता निघता, मालक म्हणतो, "आणि हां, मागच्या चाकाचे दोन बोल्ट गेल्यात. तेवढं बारीक काम बघा."

बारीक हे खरंच. ट्रकच्या एका चाकाला आठ किंवा दहा बोल्ट असतात. त्यांतले दोन नसले तरी गाडी चालते, भरते, घाटही चढते. गेल्या हंगामातले शेवटचे कित्येक दिवस ती तशीच चाललेली असते. इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या कामापुढे अंगठ्याएवढ्या जाडीचा लोखंडी तुकडा बदलणं कोणाला मोठं वाटणार?

पण ट्रकचं एक चाक, टायर आणि डिस्क धरून, शंभर किलोच्या आसपास भरतं. गाडी ताशी साठच्या वेगात असताना ते सुटलं तर गाडी थांबते, चाक थांबत नाही. ते त्याच वेगाने पुढे पळतं आणि समोर येईल त्याला भिडतं: दुचाकीला, टपरीला, रस्त्याकडेच्या माणसाला. चाक निखळल्याची बातमी आली की तिच्यात 'अचानक' हा शब्द हमखास असतो. गॅरेजात थोडा वेळ बसलं की त्या शब्दावरचा विश्वास उडतो. बोल्ट तुटणं ही गोष्टीची सुरुवात नसते, तो तिचा शेवट असतो. त्याआधी बरंच काही होऊन गेलेलं असतं, आणि ते डोळ्यांना दिसेल असं होऊन गेलेलं असतं. म्हणून तुटलेला बोल्ट बदलणं हे अर्धंच काम. तो का तुटला हे शोधणं आणि नवा बसवल्यावर थोडं अंतर चालवून पुन्हा आवळणं, हे उरलेलं अर्धं. मोबदला मात्र पहिल्या अर्ध्याचाच मिळतो.

वजन बोल्टावर नसतं

चाक बोल्टांवर टांगलेलं असतं, असं बहुतेकांना वाटतं. दिसतंही तसंच. हबमधून बाहेर आलेले बोल्ट, त्यांवर अडकवलेली डिस्क, वरून नट. मग गाडीचं वजन त्या बोल्टांवरच येत असणार.

नीट आवळलेल्या चाकात तसं होत नाही. नट आवळत गेलं की बोल्ट ताणला जातो. पोलाद असलं तरी ते ताणलं जातं, फक्त फार थोडं: मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ताणलेला बोल्ट परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने डिस्क हबवर दाबून धरतो. हा दाब किती? मोटारीच्या १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला १०० न्यूटन-मीटरने आवळलं, तर एकेक बोल्ट सुमारे चार टनांनी चाक दाबतो. ट्रकच्या २२ मिलिमीटरच्या बोल्टाला साडेसहाशे न्यूटन-मीटर लावले, तर एकटा बोल्ट वीस टनांपर्यंत जातो. असे दहा बोल्ट म्हणजे दोनशे टन. एवढ्या दाबाखाली डिस्क आणि हब एकमेकांवरून तसूभरही सरकत नाहीत. गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, वळणावरचा रेटा, सगळं या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणातून पलीकडे जातं. बोल्टाने फक्त दाब धरून ठेवायचा असतो.

दुसऱ्या बाजूचा आकडाही पाहू. मागे चार टायर असलेल्या एका ॲक्सलवर १०.२ टनांपर्यंत भार नेण्याची मुभा होती, ती केंद्र सरकारने २०१८ मध्ये ११.५ टनांवर नेली. म्हणजे एका बाजूच्या जोडचाकावर पावणेसहा टन. दोनशे टनांच्या दाबापुढे हे काही फार नव्हे. उसाची गाडी कायद्याच्या मापात भरलेली क्वचितच असते, तरीही नुसत्या जादा वजनाने चांगला आवळलेला बोल्ट एका फटक्यात तुटत नाही.

तुटतो तो सैल पडलेला. दाब गेला की डिस्क हबवर सूतभर सरकू लागते. ती सरकली की बोल्टाला वाकवते. चाक फिरतं तसा बोल्ट कधी वर, कधी खाली येतो, म्हणजे एका फेऱ्यात एकदा या बाजूला वाकतो आणि एकदा त्या बाजूला. ट्रकचा मोठा टायर एका किलोमीटरमध्ये साधारण तीनशे वेळा फिरतो. फड ते कारखाना तीस किलोमीटरची एक खेप धरली, तर नऊ हजार वाकवण्या. परतीचा रस्ता धरला तर अठरा हजार. हंगामातल्या थोड्या खेपांतच आकडा लाखांत जातो. तार हाताने उलटसुलट वाकवून तोडताना जे घडतं तेच इथे घडतं, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या मापात.

तुटलेलं तोंड काय सांगतं

तुटलेल्या बोल्टाचं तोंड डिझेलच्या बोळ्याने पुसून उजेडात धरलं की हा सगळा इतिहास दिसतो. ज्या गॅरेजात मी हे पाहिलं, तिथल्या मिस्त्रीने नुकताच काढलेला तुकडा बोटांत फिरवून दाखवला. तोंडाचे सरळ दोन भाग होते. अर्ध्याहून मोठा भाग काळपट आणि गुळगुळीत. त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक कमानी, एका कडेपासून सुरू होऊन आत आत सरकत गेलेल्या. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार, अजून चकाकणारा. गुळगुळीत भाग जुना, दाणेदार भाग ताजा. भेग कडेला, आट्यांच्या बुडाशी पडली आणि रोज थोडी आत शिरत राहिली. मधलं उरलेलं लोखंड भार पेलेनासं झालं त्या दिवशी बोल्ट तुटला. कडेचा काळपटपणा गंजाचा होता, म्हणजे तिथे हवा-पाणी पोचायला बरेच दिवस मिळाले होते.

सगळेच बोल्ट असे तुटत नाहीत. काहींची मान तुटण्याच्या जागी बारीक झालेली असते, आटे लांबलेले असतात. तो बोल्ट जास्त आवळल्याने गेला. एकदा का पोलाद परत न येण्याइतकं ताणलं गेलं, की त्यात दाब धरण्याची ताकद उरत नाही. तो तेव्हाच तुटला तर बरं. न तुटता तसाच राहिला, तर वरून घट्ट दिसतो आणि आतून निकामी असतो.

धातू थकतो हे माणसाला रेल्वेने शिकवलं. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, मागचे डबे त्यावर चढले आणि पेटले. पन्नासहून जास्त माणसं गेली, त्यांत दक्षिण ध्रुवाच्या सफरींसाठी गाजलेला दर्यावर्दी द्युमाँ द'उर्व्हिलही होता. आस तर रोज तेवढाच भार वाहत होता, मग त्याच दिवशी का तुटला, हा प्रश्न युरोपभरच्या इंजिनिअरांना पडला. प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलरने पुढच्या दशकांत आस पुन्हा पुन्हा वाकवून पाहण्याची यंत्रं बांधली आणि १८७० पर्यंत निष्कर्ष मांडले. एका वेळी सहज पेलेल अशा भारानेही धातू तुटतो, तो भार पुरेशा वेळा आला तर. मिस्त्रीच्या बोटांतल्या तुकड्यावर तेच लिहिलेलं होतं.

सैल पडतो कसा

'मी तर चांगला आवळला होता,' हे गॅरेजात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असावं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. प्रश्न आवळण्यापेक्षा ज्यावर आवळला त्याचा असतो.

बोल्टाची सगळी ताकद मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यात साठवलेली असते, हे लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप कळतं. हंगामापूर्वी हौसेने गाडी रंगवतात. डिस्कला चांदी रंगाचे दोन हात, हबला काळा, ड्रमला तांबडा. जिथे डिस्क हबला टेकते तिथेही रंग लागतो. त्यावर नट आवळले की त्या वेळी घट्ट बसतात, पण चार-दोन खेपांत रंगाचा थर दबतो, चुरा होऊन निघतो. थर जेवढा बसला तेवढा बोल्टाचा ताण कमी झाला. गंजाची खपली, वाळलेला चिखल, ग्रीसचा गोळा, सगळ्यांचा परिणाम हाच. जोडचाकात तर टेकण्याच्या जागाच जास्त: ड्रम आणि आतली डिस्क, आतली आणि बाहेरची डिस्क, बाहेरची डिस्क आणि नट. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं बसलं तरी बेरीज होते. उसाची गाडी फडात शिरते, काळ्या रानातल्या चिखलातून बाहेर येते, वाटेत चाक पंक्चर होतं, आणि अंधारात बॅटरीच्या उजेडात डिस्क न पुसताच बदललं जातं. दुसऱ्या दिवशीच्या खेपेला नट सैल.

एकदा दाब कमी झाला की नट आपोआप फिरू लागतो. जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर याने १९६९ मध्ये दाखवून दिलं, की बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडव्या हालचालीने नट फार लवकर सुटतो. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले, की आट्यांतलं घर्षण जणू नसल्यासारखंच होतं. चाकाची जोडणी नेमकी आडव्या रेट्याचीच. म्हणून नटाखाली स्प्रिंग वायसर घातलं की काम झालं, या समजुतीत फारसा अर्थ नाही. इलाज एकच: पुरेसा दाब, आणि तो टिकेल असे स्वच्छ, सपाट पृष्ठभाग.

आट्यांना तेल लावायचं की नाही, यावर प्रत्येक गॅरेजचं वेगळं मत. आवळताना लावलेल्या जोरातला जवळपास निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत जातो, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. तेल लावून घर्षण कमी केलं तर त्याच जोरात ताण कितीतरी वाढतो. म्हणजे कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला आकडा तेलकट आट्यांवर वापरला, तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ओढला जातो. म्हणून गाडीच्या पुस्तकात कोरडे म्हटलं असेल तर कोरडे, तेल म्हटलं असेल तर तेल.

हब उतरतो

ट्रकचा बोल्ट बाहेरून बदलता येत नाही, ही या कामातली मेख. बोल्टाचं डोकं हबच्या मागच्या बाजूला असतं. अंगावर बारीक उभे दाते असतात, ते हबच्या भोकात रुतून बसतात, म्हणून नट फिरवताना बोल्ट सोबत फिरत नाही. तो मागच्या बाजूला ठोकून काढावा लागतो, आणि मागे ब्रेकचे शू असल्याने त्याला सरकायला जागा नसते. त्यामुळे दोन बोल्टांसाठी अख्खा हब उतरतो.

पुढच्या चाकांना दगड लागतात. मागे जॅक चढतो, आणि जॅकच्या भरवशावर न राहता ॲक्सलखाली लाकडी ठोकळे. दोन्ही चाकं निघतात, ड्रम निघतो. मग ॲक्सलच्या तोंडाचे नट काढून ॲक्सल बाहेर ओढला जातो, हबचा लॉकनट सुटतो आणि बेअरिंगसकट हब हातात येतो. सगळं काळ्या ग्रीसने माखलेलं. एवढं उघडल्यावर ऑइल सील तसंच ठेवून चालत नाही, बेअरिंग धुऊन नवीन ग्रीस भरावं लागतं. किमतीने बोल्ट यातला सगळ्यात किरकोळ. वेळ आणि मेहनत जाते ती त्याच्यापर्यंत पोचण्यात.

हब ठोकळ्यावर पालथा पडला. मोठ्या वर्कशॉपात अशा वेळी हायड्रॉलिक प्रेस असतो, तो बोल्टाला सरळ रेषेत दाबून बाहेर काढतो. इथे घण होता. मिस्त्रीने बोल्टाच्या तुटक्या टोकावर पितळी दांडा धरला आणि हाताखालच्या पोराने घण उचलला. तिसऱ्या घावाला बोल्ट हलला, पाचव्याला खाली पडला. मिस्त्रीने लगेच हात आडवा केला.

"थांब रं. आता शेजारचा."

"त्यो तर बराय की मामा."

"दिसतोय बरा. शेजारचा तुटल्यावर त्येच्याच अंगावर आलंय समदं."

यामागचा हिशेब पक्का आहे. एक बोल्ट गेला की त्याचा भार सगळ्यांत सारखा वाटला जात नाही, त्याच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांवर सगळ्यात जास्त येतो. त्यांच्यात भेग सुरू झाली असेल तरी बाहेरून दिसत नाही. म्हणून जाणत्यांचा नियम असा: एक तुटला तर दोन्ही शेजारी बदला. एकाच चाकाचे दोन किंवा जास्त तुटले तर सगळेच बदला. या गाडीचे दोन गेले होते, म्हणजे दहाही बदलायला हवेत. मालकाशी फोनवर थोडी घासाघीस झाली. शेवटी सहावर तडजोड झाली. अशा तडजोडी हा या धंद्याचा रोजचा भाग आहे.

नवे बोल्ट भोकात घालताना दाते जुन्या खाचांत बसताहेत का, हे पोरगं बोटाने चाचपून पाहत होतं. भोक मोठं किंवा लंबगोल झालं असेल, तर नवा बोल्टही तिथे टिकणार नाही. डिस्कच्या भोकांचंही तसंच. सैल चाक बराच काळ चाललं की भोकं अंडाकृती होतात, आणि मग बोल्ट कितीही चांगला असला तरी डिस्क बदलल्याशिवाय गत्यंतर नसतं.

हब परत चढल्यावर टेकण्याच्या जागा तारेच्या ब्रशने घासल्या गेल्या, रंग खरवडून निघाला. चाकं लागली, नट हाताने बसवले गेले, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळणी सुरू झाली. एक वरचा, एक खालचा, एक डावा, एक उजवा. ओळीने आवळलं तर डिस्क एका बाजूला तिरकी बसते. शेवटी पान्याला मीटरभर लांबीचा पाईप लागला आणि मिस्त्री त्याच्या टोकावर उभा राहिला. सत्तर किलोचा माणूस एक मीटर लांबीच्या टोकावर नुसता उभा राहिला तर सुमारे ६९० न्यूटन-मीटर जोर लागतो. मोठ्या ट्रकच्या २२ मिलिमीटरच्या बोल्टाला सहाशे ते सातशे सांगितलेले असतात. कोणत्याही मापाच्या पान्याशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत योग्य आकड्याच्या इतकी जवळ आहे, याचं नवल वाटतं. पण अट एकच, नुसतं उभं राहायचं. पोरगं वर चढून दोन उड्या मारायला निघालं, तसा मिस्त्री ओरडला. उडीने जोर दुप्पट-तिप्पट होतो, आणि तिथेच बोल्टाची मान लांबते.

उलटे आटे, खोटे बोल्ट आणि वेल्डिंगचा ठिपका

जुन्या ट्रकांच्या डाव्या बाजूच्या बोल्टांना उलटे आटे असत, आणि अशा गाड्या अजून रस्त्यावर आहेत. डावं चाक पुढे जाताना बाहेरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. सैल पडलेला सरळ आट्यांचा नट त्याच दिशेने सुटत जाईल, या धास्तीने त्या बाजूला आटे फिरवलेले असत. हल्ली सपाट बुडाचे, वायसर जोडलेले नट येतात आणि दोन्ही बाजूंना सरळ आटेच असतात. अडचण होते ती नवख्या माणसाची. नट निघत नाही म्हणून तो पाईप लावून जोर वाढवत जातो. सोडवायच्या भरात आणखी आवळतो, आणि शेवटी बोल्टच तोडतो. बोल्टाच्या टोकावर ठोकलेलं इंग्रजी 'एल' अक्षर पाहण्याची सवय असली तर एवढं नुकसान टळतं.

जुन्या आणि नव्या रचनेच्या मिसळीतूनही बोल्ट तुटतात. उताराच्या बुडाचा नट उताराच्या भोकात नीट बसतो. सपाट भोकावर तो फक्त कडेने टेकतो. नट आत गेला, आवळला गेला, एवढ्यावर समाधान मानलं जातं.

बोल्ट कसला आहे, हे त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. चाकाच्या बोल्टावर बहुधा १०.९ असा आकडा असतो. त्यातला पहिला आकडा सांगतो की पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे हजार न्यूटनपर्यंत तुटत नाही. दुसरा सांगतो की त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ते ताणून सोडलं तर परत जागेवर येतं. देशातला नट-बोल्टांचा मोठा बाजार लुधियानात आहे. तिथून चांगला मालही येतो आणि डोक्यावर काहीच न लिहिलेला स्वस्त मालही. बिनआकड्याचा बोल्ट मऊ निघाला तर आवळतानाच लांबतो. उलट, '१०.९ तुटला ना, मग १२.९ टाका' हा सल्लाही धोक्याचा. जास्त कडक पोलादाला लहानशी भेगही जास्त भोवते. कडकपणा वाढला म्हणून सैल चाक काही घट्ट होत नाही.

सगळ्यात वाईट उपाय वेल्डिंगचा. बोल्ट भोकात फिरतोय म्हणून मागून डोक्याला वेल्डिंगचा ठिपका मारून देतात. १०.९ ची ताकद पोलाद तापवून, विझवून आणि मग ठरावीक उष्णतेवर पुन्हा शेकून आलेली असते. वेल्डिंगच्या झोतात ती जागा वितळते. मग कुठे पोलाद मऊ पडतं, कुठे ठिसूळ होतं. ठिपका मारलेला बोल्ट त्या दिवशी घट्ट बसतो, आणि पुढे केव्हातरी ठिपक्याच्या कडेलाच तुटतो.

घरची गाडी

मोटारगाडीत हे काम बरंच सोपं आहे, आणि चुका वेगळ्या आहेत. चार बोल्टांच्या छोट्या गाडीचा एक गेला म्हणजे चौथाई दाब गेला. तो जातो बहुतेक वेळा टायरच्या दुकानात. हवेच्या गनने नट तिरका पकडला आणि पोराने तसाच कडकड आवाज होईपर्यंत रेटला, की आटे गेले. पुढच्या वेळी तो नट काढताना बोल्ट पिळवटून तुटतो. नट आधी दोन-तीन फेरे हाताने बसवला, तर हे होतच नाही.

बदलायचा झाला तर चाक काढून ब्रेकचा कॅलिपर सोडवायचा आणि तारेने वर बांधून ठेवायचा. तो होजपाईपवर लोंबकळत ठेवला तर पाईप खराब होतो. मग डिस्क काढायची. हब फिरवत मागे मोकळी जागा मिळेल तिथे तुटका बोल्ट आणायचा आणि ठोकून काढायचा. ठोकण्याचा धक्का बेअरिंगला बसतो, म्हणून घाव मोजके आणि सरळ. काही गाड्यांत मागे जागाच नसते, तिथे हब बाहेर काढून प्रेसवर न्यावा लागतो. नवा बोल्ट मागून घालून, पुढून चार-पाच वायसर आणि वर नट उलटा, म्हणजे सपाट बाजू आत, लावून हळूहळू आवळत आत खेचायचा. वायसरांना थोडं ग्रीस. डोकं मागे पूर्ण टेकलं की खेचणं थांबवायचं. डोकं टेकलं का हे मागून बघणं महत्त्वाचं. अर्धवट बसलेला बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये उरलेलं अंतर आत जातो, आणि तेवढा सैल पडतो. खेचायला वापरलेला नट टाकून द्यायचा, चाकाला नवा लावायचा. शेवटची आवळणी गनने करायची नाही. मापाच्या पान्याने, पुस्तकात दिलेल्या आकड्याला करायची.

बऱ्याच युरोपीय बनावटीच्या गाड्यांत हबमध्ये बसवलेला बोल्ट नसतोच. चाकातून बोल्ट घालून तो सरळ हबच्या आट्यांत आवळतात. तो तुटला तर आत अडकलेला तुकडा काढणं हे वेगळंच किचकट काम होतं.

पन्नास किलोमीटरनंतर कोण?

ट्रक असो की मोटार, चाक काढून लावल्यानंतर पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासायचे, हा नियम जवळपास प्रत्येक पुस्तकात असतो. त्याचं कारण वर येऊन गेलं: पृष्ठभाग बसतात, ताण कमी होतो. पहिली आवळणी ही अर्धीच आवळणी असते.

पण पन्नास किलोमीटरनंतर गाडी मिस्त्रीकडे नसते, मालकाकडेही नसते. ती चालकाकडे असते. चालकाचं पोट खेपांवर चालतं. मिस्त्रीने हब चढवल्याचे पैसे घेतलेले असतात, त्यात पुन्हा आवळणी धरलेली नसते. मालकाच्या लेखी काम पूर्ण झालेलं असतं. तिघांपैकी कोणीही निष्काळजी नसताना हे काम मधल्या मध्ये राहून जातं. एसटीसारख्या संस्थेत आगारात गाडी आत आली की तपासायची आणि मगच सोडायची, हे ठरलेलं काम असतं. ते करणारा माणूस पगारावर असतो. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरच्या मध्यवर्ती कार्यशाळा मोठ्या कामांसाठी, आगार रोजच्या कामांसाठी. एकट्या-दुकट्या गाडीमालकाच्या मागे असं काही नसतं.

आपला कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० नुसार, गाडीतला धोकादायक दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर सापडला असता असा दोष असताना, गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दीड हजार रुपयांपर्यंत दंड, आणि त्यामुळे कोणाला इजा झाली तर जास्त दंड किंवा कैद. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताने यापुढचं पाऊल टाकलं. नव्वदच्या दशकात तिथल्या महामार्गांवर ट्रकची सुटलेली चाकं इतर गाड्यांवर आदळून माणसं मेली, तेव्हा १९९७ मध्ये त्या प्रांताने कायदा केला: व्यावसायिक वाहनाचं चाक निखळलं तर दंड, दोन हजार ते पन्नास हजार डॉलर. आपण काळजी घेतली होती, हा बचाव तिथे चालत नाही. चाक सुटलं, एवढाच पुरावा पुरेसा. हे कठोर आहे, पण त्यामागचा विचार स्पष्ट आहे. चाक नशिबाने सुटत नाही, आणि पुन्हा आवळण्याचं काम कोणाचं ते गाडी चालवणाऱ्या कंपनीने ठरवून ठेवावं.

काळजीची साधनं स्वस्त आहेत. आवळल्यावर नट आणि डिस्क यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढली, तर फिरलेला नट लांबूनही कळतो. काही बसच्या नटांवर पिवळे प्लास्टिकचे बाण असतात, तेही याचसाठी. नटाखालून गंजाचे ओघळ निघाले असतील किंवा भोकाभोवती धातू घासून चमकत असेल, तर ते चाक हलतंय. हातोडीने नट ठोकून पाहण्याची जुनी रीतही उपयोगाची आहे. घट्ट नट खणकतो, सैल किंवा आतून तुटलेला बद्द वाजतो. ताण किती हे आवाजाने कळत नाही, पण तुटलेला नक्की सापडतो.

आणि वेळ? उसाच्या गाडीला तो आयता मिळतो. भरलेली गाडी कारखान्याच्या गाडीतळावर येते, नंबर लागेपर्यंत तासन्‌तास उभी राहते. चालक खाली उतरतो, चहा पितो, झोपतो. नव्या बोल्टांची पहिली खेप नेमकी तेवढ्याच अंतराची असते ज्यानंतर पाना लावायला हवा. तिथे पाना असतो, माणूस असतो, वेळही असतो.

फक्त ते काम कोणाच्या नावावर नसतं. म्हणून मिस्त्रीने बिलात लायनर, ग्रीस, बोल्ट यांच्या खाली आणखी एक ओळ लिहावी: पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळणी, इतके रुपये. ते पैसे चालकाला द्यावेत, आणि त्याने नटांवर रंगाची नवी रेघ ओढून दाखवावी. शंभर-दोनशे रुपयांसाठी मालक कुरकुर करेल. पण या धंद्यात ज्या कामाचे पैसे मिळतात तेच काम होतं, आणि हे काम इतकी वर्षं फुकटात होईल असं आपण धरून चाललो आहोत.